सोडलं की विझते

१

सदरच्या गल्लीतल्या रुपरावच्या दुकानात सकाळ एकाच रीतीनं सुरू व्हायची. कुलूप काढायचं, फळ्या उचलायच्या, दुरुस्तीला आलेले स्टो ओळीनं मांडायचे आणि एकेक करून पेटवून पाहायचे. पेटवण्याआधी तो कोणाचं गाऱ्हाणं ऐकत नसे. "गिऱ्हाईक काही बी सांगते," तो म्हणायचा. "मी आगीलेच विचारतो." लांब पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. फडफडत वर उडणारी म्हणजे हवा जास्त. मध्येच थुंकणारी म्हणजे तेलात पाणी. अलीकडे सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत गॅसच्या शेगड्या आणि गीझर आले होते, तेही रुपराव दुरुस्त करी, पण नियम तोच. आगीनं त्याला कधी फसवलं नव्हतं.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. दिवाळीच्या सुमारास रुपरावची बायको कौसल्या दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली होती. लेकरू जन्मलं, थोडा वेळ राहिलं आणि गेलं. रुपराव स्वतः त्याला टॉवेलात गुंडाळून मातीत ठेवून आला. इंदोऱ्यातल्या शेजारणींनी रीतीप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून कौसल्याला शेक दिला. निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग टाकून धुरीही केली. पण ज्याच्यासाठी धुरी करायची ते बाळच कुशीत नव्हतं. बायकांनाच कसंतरी वाटू लागलं आणि शेगडी लवकरच उचलली गेली.

तेव्हापासून कौसल्या बाजेवर बसून असायची. रडत नव्हती. हात मांडीवर उताणे, बोटं जराशी वळलेली, जणू कोणी नुकतंच त्यांतून काही उचलून नेलं आहे. दहावीत शिकणारी प्रेमिला शाळेत जाण्याआधी स्वयंपाक करी, आईपुढे ताट ठेवी आणि संध्याकाळी तेच ताट उचलून नेई. कौसल्या एवढंच म्हणायची, "थंडी वाजून राहिली." उन्हात बसवलं तरी तेच. रुपरावनं स्वेटर आणलं, नवी दुलई भरून आणली. तिनं दोन्ही अंगावर घेतली आणि म्हणाली, "थंडी वाजून राहिली."

ही अशीच राहिली तर? रुपरावच्या मनात रोज हे यायचं. त्याच्यापुढे त्याचं मन जात नसे. तो दुकानात यायचा आणि स्टो पेटवायचा.

२

गॅरेजवाले भैयाजी एका सकाळी स्कूटर उभी करून दुकानाच्या पायरीशी आले.

"रुपराव, विलायती हीटर दुरुस्त करतं का गा?"

"हीटर कुठला का असंना, जळते तसाच."

"मंग चाल. हा गाडीतला आहे."

गाडी म्हणजे घरच होतं. एक म्हातारा जर्मन आणि त्याची बायको ती आपल्या मुलखातून चालवत आणत होते. भंडाऱ्याच्या पुढे इंजिन बसलं. गाडी भैयाजींच्या गॅरेजात ओढून आणल्यावर म्हातारा-म्हातारी विमानानं परत गेली ती गेलीच. भैयाजींनी इंजिन नीट करून घेतलं आणि गाडी भाड्यानं द्यायचं ठरवलं.

"गांधीबागेतला एक कापडवाला शेठ संक्रांतीनंतर कान्हाच्या जंगलात चालला, लेकरंबाकरं घेऊन," भैयाजी म्हणाले. "शेठाणी म्हणते, हीटर नसंन तर मी काही येत नाही. पलंग पाह्यला, कपाट पाह्यलं, बेसिन पाह्यलं, आणि बाई अडली कुठं, तर हीटरपाशी."

गाडी गॅरेजच्या मागच्या आवारात चिंचेखाली उभी होती. रुपराव आत चढला. छत डोक्याला लागेल एवढं. फिक्या रंगाचे पडदे, अरुंद पलंग, आणि कपाटाच्या तळाशी बसवलेला लोखंडी पेटीएवढा हीटर. वरच्या अंगाला एक गोल बटण. ते दाबून धरलं की एका बारीक ज्योतीपुरता गॅस येतो. दुसऱ्या खटक्यानं ठिणगी पडते. ज्योतीत तांब्याची एक काडी ठेवलेली असते. ती नीट तापली की गॅसची वाट आपोआप उघडी राहते, मग बटण सोडलं तरी चालतं. ज्योत पाहायला खाली, जमिनीलगत अभ्रकाची एक छोटी खिडकी. बंगल्यांतल्या गीझरांची रचना अशीच असते. रुपरावला नवं काही वाटलं नाही.

त्यानं नेहमीच्या क्रमानं सुरुवात केली. विलायती नळीला आपला सिलिंडर जोडण्यासाठी मधला तुकडा आटे पाडून आणला. सांध्यांना साबणाचा फेस लावला. कुठं बुडबुडा नाही. ठिणगी पडत नव्हती, तर टोकावरची काजळी खरवडली. जेटचं बारीक भोक आणि बर्नरची तीन भोकं बुजली होती, ती फुंकून मोकळी केली. मग बटण दाबलं, खटका ओढला, आणि खिडकीत निळी ज्योत उभी राहिली.

काडी तापायला किती वेळ धरायचं, हे रुपराव घड्याळात पाहत नसे. तो मनात सावकाश त्रिशरण म्हणायचा. तिन्ही वेळा म्हणून होईतो काडी तापलेलीच असायची. तसं ते म्हणून त्यानं बटण सोडलं.

ज्योत गेली.

यात विशेष काही नव्हतं. काडी खराब झाली की बटण सोडताच आत खट्‌ वाजतं आणि ज्योत पडते. इथे खट्‌ वाजलं नाही. ज्योत आधी आत ओढली गेली, बारीक हुंकार काढत, मग गेली. रडण्याआधी लेकरू श्वास आत घेतं तसा तो आवाज होता. त्यापुढे रडणं यायला हवं असं वाटून रुपराव थांबला. आलं काहीच नाही. बाहेर कोणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं.

धुराच्या नळीत वारा उलटा शिरत असेल, त्यानं ठरवलं. आवरून उठताना त्याला एक वास आला. ओळखीचा होता, पण या गाडीतला नव्हता. ओवा आणि वावडिंग जळल्याचा. मागच्या घरात कोणी बाळंतीण असेल. तो उतरून भिंतीपर्यंत गेला आणि टाचा उंचावून पाहिलं. पलीकडे लाकडाची बंद वखार होती.

३

दुसऱ्या दिवशी शेजारीण लग्नाला गेली होती आणि प्रेमिलाची चाचणी होती. कौसल्याला एकटं ठेवणं रुपरावच्या जिवावर आलं. त्यानं तिला रिक्षात बसवून गॅरेजात आणलं आणि गाडीतल्या पलंगावर बसवलं. ती पडद्याकडे पाहत बसली. हात मांडीवर उताणे.

धुराची नळी गाडीच्या बाहेरच्या अंगाला निघत होती. तिच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. रुपरावनं ते तारेनं फोडून काढलं, आणि त्याला फार बरं वाटलं. कारण सापडलं की असंच वाटतं. आता ज्योत पेटलेली असताना नळीची ओढ पाहायची होती. त्याला आत एक हात पाहिजे होता आणि बाहेर एक.

"कौसल्या, हे बटण दाबून धरतं का जराशी?"

तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यानं ज्योत पेटवली, तिचा हात उचलला आणि अंगठा बटणावर ठेवला. हात थंडगार होता, विहिरीतून काढलेल्या दोरासारखा.

बाहेर येऊन त्यानं नळीच्या तोंडाशी तळवा धरला. ऊब लागली. थांबली. पुन्हा लागली. वाऱ्याचा झोत असा नसतो, तो कधी लांब येतो, कधी तुटक. हा सारखा होता. येई, थांबे, येई. आणि ओलसर होता. एवढ्या बारीक ज्योतीची ऊब बाहेरपर्यंत यायलाच नको होती.

त्यानं हात काढून विजारीला पुसला. गॅस जळला की पाण्याची वाफ होते, त्यानं स्वतःला सांगितलं. वाफ ओलीच असणार. आणि नळी लांब असली की झोत हेलकावे घेतो.

"सोड आता," त्यानं बाहेरूनच आवाज दिला.

ऊब येत राहिली.

तो आत गेला. "सोड न वं. झालं माह्यं पाहून."

"नाही," कौसल्या म्हणाली.

"काहून?"

"सोडलं की विझते."

दोन महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं थंडीखेरीज हे पहिलं वाक्य होतं. रुपराव तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता. खांद्यावरची शाल खाली पडली होती आणि ती उचलायचं तिला सुचलं नव्हतं.

बिघाड उद्या पाहू, त्याला वाटलं. आज असंच राहू दे.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं काडी बदलली. एका बंगल्याच्या जुन्या गीझरमधली चांगली काडी घासून-पुसून बसवली. आता ज्योत टिकायलाच हवी होती. कौसल्या बटण सोडायला तयार नव्हती, तेव्हा त्यानं तिचं मनगट हलकेच धरून हात वर केला. पुन्हा तो हुंकार, आत घेतलेला श्वास, आणि अंधारी खिडकी. कौसल्याचे हात मांडीवर येऊन पडले. चेहऱ्यावरची ऊब त्याच्या डोळ्यांदेखत उतरली.

"थंडी वाजून राहिली," ती म्हणाली.

रुपरावनं ज्योत पेटवून दिली. तिचा अंगठा आपणहून बटणावर गेला.

मग ते रोजचंच झालं. सकाळी रिक्षा, दिवसभर गाडी, दिवेलागणीला घर. परत निघताना सोडवणं कठीण जाई. घरी ती पुन्हा बाजेवरची कौसल्या होई. पण गाडीत ती काहीतरी गुणगुणायची, अगदी ओठांत. रुपराव नळी उघडायचा, परत जोडायचा, काम करत असल्यासारखा. खरं तर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळे भाग चांगले होते. आग फसवत होती.

"वहिनीले नोकरीवर ठेवलं का गा?" भैयाजी एकदा हसत म्हणाले. "हीटर दुरुस्त होत नसंन तर शेठाले सांगतो, हीटरसंगं एक बाई बी येईन."

"दोन दिवस द्या."

"शेठ दारात येऊन उभा राहीन, तवा काय देऊ?" असं म्हणत भैयाजी पाहायला आत चढले. लगेचच उतरले. हसू गेलं होतं. "लई उबदार आहे आत," ते हळू आवाजात म्हणाले. मग आपला आवाज हळू का झाला हे त्यांनाच कळेना, आणि ते खाकरले. "मले बसवलं नाही, बाप्पा. कोणी झोपलं असल्यावानी वाटते. आवाज करू नये असं."

त्या दिवशी प्रेमिला शाळेतून परस्पर गॅरेजात आली होती. ती आईशेजारी थोडा वेळ बसली. उतरून रुपरावजवळ आली, खाली मान घालून उभी राहिली. ती लाजाळू होती, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"बाबा, आईनं दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या होत्या न? दूध बंद व्हायच्या?"

"हो. काहून?"

"आईचं पोलकं ओलं आहे," प्रेमिला म्हणाली. "समोरून."

 हातातला पाना रुपरावनं पेटीत ठेवला, परत काढला, परत ठेवला.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं सिलिंडर काढला.

कौसल्याला काही सांगितलं नाही. गाडीच्या मागच्या कप्प्यात हात घालून आधी चावी बंद केली, मग नट सैल केला, नळी ओढून काढली, आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन आवाराच्या पलीकडे पत्र्याच्या शेडपाशी ठेवला. त्यावरच तो उन्हात बसला. मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. गॅस संपला की आग संपते. हे काही मानायचं न मानायचं नाही. ज्योत जाईल, कौसल्या थोडी बसून राहील, मग उठेल. घरी नेता येईल. थंडी वाजली तर वाजू दे, थंडीनं माणूस घरात तरी राहतं.

त्यानं एक विडी ओढून संपवली. नळीत उरलेला गॅस एवढ्यात जळून गेला असणार.

तो गाडीपाशी आला. कौसल्याचं गुणगुणणं थांबलं नव्हतं.

दारातून पाहिलं तर ती तशीच वाकून बसलेली होती, अंगठा बटणावर. हीटरच्या खालच्या खिडकीतून फिकट उजेड जमिनीवर पडला होता. त्या उजेडात तिच्या पायाची बोटं दिसत होती. उजेड मंद होई, पुन्हा भरे.

रुपराव मागे गेला. मोकळ्या नळीच्या तोंडाला त्यानं साबणाचा फेस लावला आणि पाहत राहिला. फेस हलला नाही. थोड्या वेळानं हलला, तो फुगण्यासाठी नाही. नळीनं तो आत ओढून घेतला, थेंब थेंब. चोखून घ्यावा तसा.

त्यानं नळीचं तोंड चिंधीनं बांधलं. लगेच सोडलं. बांधून ठेवायचा त्याला धीर झाला नाही. का, हे तो सांगू शकला नसता. श्वास कोंडेल, एवढंच मनात आलं होतं.

६

"कौसल्या, घरी चाल."

"तुमी जा."

"गॅस नाही त्यात. मी सिलिंडर काढून ठेवला."

"म्या नाही पाह्यला सिलिंडर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मले काय करायचा सिलिंडर?"

"मंग जळून काय राहिलं ते?"

 बाहेर प्रेमिला दप्तर घेऊन उभी होती. आज शाळेतून सरळ इकडेच ये, असं रुपरावनंच तिला सांगितलं होतं. दोघं मिळून नेऊ, असा त्याचा विचार होता. त्यानं कौसल्याच्या खांद्याला हात लावला. खांदा तापलेला होता, पण गाल बसले होते आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं. दिवसभर ती पाणीही पीत नव्हती. बटण धरून धरून अंगठ्याला खळगा पडला होता आणि त्याच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. अशीच आणखी आठवडाभर बसली तर ही उठणार नाही. हे त्याला एकदम, स्वच्छ कळलं.

"दवाखान्यात सिस्टरबाई म्हणाली होती," कौसल्या खिडकीच्या उजेडाकडे पाहत म्हणाली. "दे बाई, हात भरून आले असतील तुझे. चांगली बाई होती. म्या दिलं. माह्या हातात होतं तवरी होतं. गरम होतं. सोडलं आणि..." ती थांबली. "मले कोणी सांगितलंच नाही, धरून ठेवावं लागते म्हणून."

रुपराव तिच्याशेजारी बसला. गाडीत ओव्या-वावडिंगाचा वास दाटला होता. आता त्याला वखारीकडे पाहावंसं वाटलं नाही.

"मी धरतो," तो म्हणाला. "तू घरी जा. जेव. मी आहे इथं."

तिनं प्रथमच मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं, हा माणूस भरवशाचा आहे का ते पाहावं तसं.

"सोडाल."

"नाही सोडत."

तिनं त्याचा हात ओढून घेतला. आपल्या अंगठ्याखाली त्याचा अंगठा सरकवला, मध्ये बटण वर येऊ न देता. "हळू," ती म्हणाली. "मान धरा."

मग तिनं हात काढला. ज्योत गेली नाही. कौसल्या उठली, शाल उचलून झटकली आणि घडी केली. पायरी उतरताना ती प्रेमिलाला म्हणाली, "भूक लागली वं."

पोरीनं वळून बापाकडे पाहिलं. रुपरावनं मानेनंच जा म्हटलं. दोघींची पावलं खडीवरून दूर जाताना त्याला ऐकू आली.

आता सोडू, त्यानं ठरवलं. रस्त्याला लागू दे त्यांना, मग सोडू.

बटणाखालची स्प्रिंग अंगठ्याला वर लोटत होती. लोटत होती आणि थांबत होती. आपलीच नाडी, तो स्वतःशी म्हणाला. दाबून धरल्यावर बोटातली नाडी लागतेच. डाव्या हाताची बोटं त्यानं उजव्या मनगटावर ठेवली. नाडी सापडली. ती सावकाश चालली होती. बटणाखालची पुष्कळ भराभर चालली होती.

बटण धरून बसलं की खालची खिडकी दिसत नाही. रुपरावच्या पेटीत दाढीचा छोटा गोल आरसा असायचा, अडचणीतली ज्योत पाहण्यासाठी. डाव्या हातानं त्यानं तो काढला आणि वाकडा करून खिडकीसमोर धरला.

त्या बर्नरला भोकं तीन होती. त्यानं स्वतः ती साफ केली होती. आरशात ज्योती पाच दिसत होत्या. आखूड, जवळजवळ, एक बाजूला जराशी वेगळी. त्या उभ्या नव्हत्या. आतल्या बाजूला वळल्या होत्या. पाहता पाहता उलगडल्या, काहीतरी शोधल्यासारख्या, आणि पुन्हा मिटल्या.

त्यानं आरसा पालथा घालून ठेवला.

७

रात्र गेली. सकाळी भैयाजी आले ते दारातच थांबले.

"शेठ आज संध्याकाळी गाडी न्यायले येऊन राहिला. झालं का काम?"

"नाही झालं."

"जळून तर राहिला गा हीटर."

"सोडलं की विझते."

भैयाजींनी मागे शेडकडे पाहिलं. परत आत पाहिलं. "सिलिंडर तर तिकडं ठेवलेला आहे, रुपराव."

"हळू बोला," रुपराव म्हणाला.

भैयाजी दारातून मागे सरले. थोड्या वेळानं त्यांची स्कूटर सुरू झाली. गांधीबागेकडे जाताना तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. शेठ त्या दिवशी आला नाही. गॅरेजातली माणसंही जेवायच्या सुट्टीत गेली ती मागच्या आवाराकडे फिरकली नाहीत.

रुपरावला काही दुखत नव्हतं. खांद्यापासून खाली हात बधिर झाला होता, आणि ती बधिरता हळूहळू बाकीच्या अंगात पसरली होती. भूक नव्हती. भीतीही नव्हती. भीती वाटायला हवी, हे त्याला ठाऊक होतं, कुलूप लावायला हवं हे ठाऊक असावं तेवढंच. मध्येच कधीतरी आपण त्रिशरण म्हणून पाहावं असं त्याला वाटलं. ओठ हलले, पण आवाज आला तो दुसराच. कौसल्या गुणगुणायची ती चाल त्याच्या तोंडात होती.

शाळा सुटायच्या वेळी प्रेमिला डबा घेऊन आली. पायरीखाली उभी राहिली. तिच्या दोन्ही वेण्या घट्ट घातलेल्या होत्या, तेल लावून, लाल रिबिनी बांधून.

"आईनं घालून देल्या," ती म्हणाली. "सकाळी उठून झुणका केला, भाकरी केल्या. मले म्हणे, किती वाळली वं तू. दुलई वाळत टाकली. आईले थंडी नाही वाजत आता, बाबा."

"बरं झालं," रुपराव म्हणाला.

म्हणजे ते झालं होतं. जे त्याला पाहिजे होतं ते झालं होतं. कौसल्या घरात होती, चुलीपाशी होती. आता फक्त पोरीला परत पाठवायचं. घरी जा, बाई, आणि इकडे येऊ नको. एवढंच म्हणायचं होतं. शब्द तयार होते. तो ते जुळवत होता.

"म्या आईले विचारलं," प्रेमिला म्हणाली, "बाबा कवा येतील? तर आई म्हणे, कोण धरीन मंग?"

ती जिथे उभी होती, तिथून अभ्रकाची खिडकी नेमकी तिच्या डोळ्यांसमोर येत होती. बोलता बोलता तिची नजर तिकडे गेली. ती बोलायची थांबली. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. तो मंद होई, पुन्हा भरे. प्रेमिला दचकली नाही, मागे सरली नाही. कोणाचं तरी तोंड कोणासारखं आहे ते पाहावं, तशी ती मान कलती करून पाहत राहिली.

मग तिनं डबा पायरीवर ठेवला. दप्तर खांद्यावरून काढून त्याच्या शेजारी ठेवलं. वर चढली. दोन्ही हात स्कर्टला पुसले, आधी तळवे, मग पालथे. घरात तान्हं असलं की शाळेतून आलेली मोठी बहीण ते घेण्याआधी पुसते, तसे.

"द्या, बाबा," ती म्हणाली. "हात भरून आले असतील तुमचे."

ते शब्द तिच्यापर्यंत कसे आले, हे रुपरावला विचारायचं होतं. आई बोलत होती तेव्हा ती बाहेर उभी होती. ऐकले असतील. पोरगी नजरेची पक्की, कानाचीही असेल. कारण सापडलं, पण बरं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. घरी जा, बाई, हे शब्द अजून त्याच्या जिभेवर होते.

तो जरासा सरकला. तिला जागा झाली.

"हळू," रुपराव म्हणाला. "मान धर."